निवृत्तीला सांगितलेला शेवट

पाटोद्याच्या बसस्टँडसमोर पप्पूचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं मोबाइलपेक्षा सिनेमेच जास्त उघडले जातात. स्क्रू काढून, आतलं सगळं काउंटरवर मांडून. संध्याकाळ झाली की हायस्कुलात मराठी शिकवणारा सतीश येतो, सरकारी दवाखान्यातली ड्यूटी संपवून पप्पूची थोरली बहीण दीपमाला येते, आणि काठी टेकत टेकत निवृत्ती येतो. चौघंही एकाच गल्लीत वाढलेले, चाळिशी ओलांडलेले, पोराबाळांचे. पण जुना सिनेमा भारी की त्यावरून काढलेला नवा भारी, यावर असे काही भांडतात, की चार्जर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चार्जर विसरून तिथंच उभं राहतं.

चांगला सिनेमा लागला की रविवारी पप्पूच्या गाडीतून बीड गाठायचं, दुपारचा खेळ बघायचा आणि येताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर भजी खात निकाल लावायचा, अशी त्यांची रीत आहे. प्रत्येकानं आधी 'जुना' किंवा 'नवा' एवढंच म्हणायचं, मग कारण द्यायचं. निवृत्तीनं सगळ्यात शेवटी बोलायचं आणि त्याचं मत म्हणजे निकाल. सिनेमातलं त्याच्याइतकं कुणाच्या ध्यानात राहत नाही, हे पप्पूसारखा हेकट माणूससुद्धा मान्य करतो.

निवृत्तीला दिसत नाही. काचबिंदूनं त्याची नजर कडेकडेनं खात आणली, आणि डॉक्टरकडं जायला त्यानं इतका उशीर केला की राहिलं ते फक्त उजेड-अंधाराचं भान. त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आता धाकटा भाऊ चालवतो. सिनेमा मात्र निवृत्तीनं सोडला नाही, कारण शेजारच्या खुर्चीवर सतीश असतो.

सतीशचं सांगणं ही बघण्यासारखी गोष्ट होती. मागच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या खुर्च्या धरायच्या, निवृत्तीच्या कानाशी तोंड न्यायचं आणि जे ऐकू येत नाही तेवढंच सांगायचं. पात्रं बोलत असली की सतीश गप्प. ती गप्प झाली की हा सुरू. "आई चुलीपुढं हाय. पोरगा दारात. चप्पल काढंना." बास, एवढंच. जास्त शब्द नाहीत, उशीर नाही. निवृत्ती पडद्यावरच्या विनोदाला बाकीच्यांच्या बरोबरीनं हसायचा, आणि तो हसला की सतीशला वर्गात पोरांनी टाळ्या वाजवल्यावर वाटायचं तसं वाटायचं. माणसाला आपल्या एखाद्या गुणाचा गर्व असतोच. सतीशला या गुणाचा होता, आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

यंदाच्या फेब्रुवारीत 'फुलाबाईचा फड' नव्यानं येणार असं कळलं, तेव्हा भांडणाला महिनाभर आधीच तोंड फुटलं.

जुना 'फुलाबाईचा फड' त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला. गाण्यांनी गच्च भरलेला. फडात गाणारी फुलाबाई आणि तिचा ढोलकीवाला यांची गोष्ट. मधेच रुसून फड सोडून गेलेला ढोलकीवाला म्हातारपणी परत येतो, तंबूच्या मागच्या कनातीशी उभा राहून तिचं गाणं ऐकतो आणि तिला न भेटताच निघून जातो. त्या शेवटाला अख्खं थिएटर रडलं होतं. निवृत्तीनं तर तो सिनेमा इतक्यांदा पाहिला, की दारावरचा माणूस त्याला 'आज पुन्हा?' म्हणून विचारायचा. निवृत्ती तेव्हा स्वतः ढोलकीवाला होता. भीमजयंतीच्या गायन पार्टीत त्याची ढोलकी असली की गाणाऱ्याला दम घ्यायची गरज नाही, असं आष्टीपर्यंत बोललं जायचं.

नजर गेल्यावर त्यानं ढोलकी माळ्यावर टाकली. "गाणाऱ्याचं तोंड दिसल्याबिगर ठेका धरता येत न्हाई," म्हणायचा. "तो कुठं थांबणार, कुठं उचलणार, सगळं डोळ्यात असतंय." त्याच्या बायकोनं, पंचशीलानं, विनवून पाहिलं, भांडून पाहिलं. दर एप्रिलला ती माळ्याकडं बघायची आणि तो ऐकू न आल्यासारखा बसायचा.

तर नव्या 'फडा'वरून सतीश आणि पप्पू यांची जुंपली. सतीशचं म्हणणं, सोन्यासारख्या सिनेमाला हात लावणाऱ्याचे हातच बांधून ठेवले पाहिजेत. पप्पूचं म्हणणं, आधी बघ तर खरं. एका संध्याकाळी बोलता बोलता पप्पू भडकला.

"तुला नवं आवडतच न्हाई बे," तो दुकानभर माणसं असताना म्हणाला. "मास्तर ना तू! तेच ते धडे, तीच ती कविता, तेच ते प्रश्न. नवं काही समोर आलं की तुला घाम फुटतोय."

चार्जरवालं गिऱ्हाईक हसलं. दुकानातल्या माणसांत सतीशच्या शाळेतला एक पालकही होता, तोही हसला. सतीशनं हसण्यावारी नेलं, पण ते बोलणं त्याला लागलं. घरी जाऊन त्यानं जेवणसुद्धा धड केलं नाही. या रविवारी ढाब्यावर पप्पूला असं तोंडघशी पाडायचं की वर्षभर त्यानं सिनेमाचं नाव काढू नये, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. निकाल निवृत्ती देणार, आणि निवृत्तीचे डोळे तर आपणच. इतका पुढचा विचार त्यानं तेव्हा केला नव्हता, असं तो नंतर स्वतःला बजावत राहिला. पण केला नव्हता असंही छातीठोकपणे म्हणता येईना.

रविवारी गाडी निवृत्तीच्या दारात थांबली. पंचशीला हात पुसत बाहेर आली. निवृत्तीला पुढच्या सीटवर बसवून ती मागं सतीशच्या खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, शेवट तेवढा नीट सांगा बरं का ह्यांना."

"वहिनी, आजपातूर कधी नीट न्हाई सांगितलं का?" सतीश हसून म्हणाला.

"तसं न्हाई ओ. आमच्या बचत गटातली एकजण बघून आली. शेवट लई चांगला केलाय म्हनली." ती आणखी काही सांगणार होती, पण पप्पूनं हॉर्न वाजवला.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या गाण्यातच सतीशच्या लक्षात आलं, की आपली पंचाईत आहे. सिनेमा चांगला होता. चांगला म्हणजे उगाच झगमग करून चांगला नव्हे. ज्यानं काढला त्याला जुन्याची माया होती. नवी फुलाबाई जुनीसारखी दिसायला धडपडत नव्हती. तंबूतली धूळ खरी धुळीसारखी होती. सतीश निवृत्तीच्या कानात सांगत राहिला, आणि अर्ध्यापर्यंत त्यानं खरं तेच सांगितलं, फक्त जरा कोरडं. रंग आला तर रंग गाळला. चेहरा बदलला तर तो बदल गाळला. गाळण्याला खोटं म्हणत नाहीत, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मग शेवट आला. म्हातारा ढोलकीवाला कनातीशी येऊन उभा राहिला. इथपर्यंत जुनंच होतं. सतीश मनात म्हणाला, आता हा जाईल, आणि मग मी बोलायला मोकळा. पण म्हातारा वळायच्या आत गाणं थांबलं. फुलाबाईनं त्याला पाहिलं होतं. ती एक शब्द न बोलता मंचावरून उतरली. गर्दी बाजूला झाली. कोपऱ्यातली ढोलकी तिनं स्वतः उचलून आणली, त्याला तिथंच मातीत बसवलं आणि ढोलकी त्याच्या मांडीवर ठेवली. म्हाताऱ्याची मान वर होईना. एवढ्या वर्षांची लाज. तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती त्याच्यात. त्यानं डोळे मिटून घेतले. ती त्याच्या पाठीशी बसून पुन्हा गायला लागली आणि तिनं त्याच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. तो हात दाबला जायचा तिथं ठेका उचलायचा, सैल व्हायचा तिथं थांबायचा. डोळे मिटलेलेच. एकही ठेका चुकला नाही.

सतीश सांगायचं विसरून बघत राहिला. त्याला जुना शेवट आठवेनासा झाला. आयुष्यात पाहिलेला सगळ्यात चांगला शेवट आपण आत्ता बघतोय, हे त्याला कळलं. त्याच वेळी निवृत्तीनं त्याची बाही ओढली.

"काय झालं रे? गाणं कावून थांबलं? आता ही ढोलकी कोण वाजवतंय?"

पलीकडच्या खुर्चीवर पप्पू होता. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता आणि तो उघड उघड रडत होता. सतीशनं ते पाहिलं. जिंकलास तू, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यापाठोपाठ दुकानातलं ते हसणं आठवलं.

"दुसराच कुणी तरी," तो निवृत्तीच्या कानात म्हणाला. "फडातला नवा पोरगा. ती नव्याला घेऊन गायला लागली. म्हातारा निघून गेला."

"जुन्यासारखाच?"

"जुन्यासारखाच. पण काय दम न्हाई बघ. नुसता गेला."

निवृत्ती खुर्चीत मागं टेकला. "अस्सं," म्हणाला. तेवढंच.

मांजरसुंब्याला ढाब्यावर ऊन अजून शेडच्या खांबांवर होतं. भजी आली. पप्पूनं "नवा!" म्हणून टेबलावर थाप मारली. दीपमालानंही डोळे पुसत "नवा" म्हटलं. सतीशनं "जुना" म्हटलं आणि जुन्या गाण्यांवर, जुन्या आवाजावर बरंच काही बोलला. बोलणं त्याच्या अंगात होतंच. मग सगळे निवृत्तीकडं वळले.

"जुना," निवृत्ती म्हणाला. "गाणी चांगली हायती नव्याची, न्हाई म्हनत न्हाई. पन शेवट तोच ठिवायचा, तर मग काढायचा तरी कशाला? तवा तो गेला, तर वाटलं माणूस लाजून गेला. आता गेला तर नुसताच गेला. त्याच्या जागी दुसरा वाजवनारा बी बसवला. खलास."

पप्पूचा भज्याचा हात तोंडापाशी थांबला. "गेला? कोण गेला बे?"

टेबलाखाली सतीशनं त्याच्या पायावर पाय दिला. जोरात. पप्पू त्याच्याकडं बघत राहिला. दीपमालानं आधी सतीशकडं पाहिलं, मग निवृत्तीकडं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "पप्पू, खा गप," ती म्हणाली. "निकाल लागला. जुना." पप्पूनं मान खाली घातली. त्या दिवशी पहिल्यांदाच तो भांडला नाही, आणि सतीशला जिंकल्याचं काहीच वाटलं नाही. भज्याची चवसुद्धा लागली नाही.

हात धुवायला नळाशी गेल्यावर दीपमाला त्याच्या मागं आली.

"बरं केलंस तू सतीश," ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझ्या ध्यानातच नव्हतं आलं. तो परत वाजवायला बसला, हे ऐकून ह्याच्या काळजाला किती लागलं असतं. ह्यानं ढोलकी सोडलेली. तुझं मन लई मोठं हाय."

सतीशनं नळाखाली हात धरून ठेवले. खरं सांगायला तोंडच उघडायचं होतं. पण मोठ्या मनाचा म्हणवून घेणं इतकं गोड लागतं, की त्यानं नुसतं "काय करणार ताई" म्हटलं. ते शब्द तोंडातून गेले आणि त्याला स्वतःची किळस आली. एक खोटं बोलून तो थांबला असता तर एक वेळ ठीक होतं. आता त्याच खोट्यावर त्यानं कौतुकही कमावलं होतं.

सोमवारपासून वर्गात शिकवताना त्याचं लक्ष लागेना. संध्याकाळी तो दुकानात गेला, तर पप्पू उलट त्याच्याशी जास्तच प्रेमानं वागला. "मी तुला उगं बोललो त्या दिवशी," म्हणाला, आणि चहा मागवला. तो चहा सतीशनं कसाबसा संपवला. निवृत्ती आला नव्हता. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

बुधवारी शाळा सुटल्यावर सतीश त्याच्या घरी गेला. मनात काही ठरलं नव्हतं. बघून यावं, एवढंच. अंगणात पंचशीला खाली बसली होती आणि तिच्या पुढ्यात ढोलकी होती. ती ओल्या फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसत होती. क्षणभर सतीशला इतका आनंद झाला की त्याला वाटलं, आपलं खोटं कुठं तरी विरघळून गेलं.

"जय भीम वहिनी! उतरवली का ढोलकी?"

"जय भीम, भाऊजी." तिनं वर पाहिलं नाही. "द्यायला उतरवली. जयंतीच्या गायन पार्टीवाले रविवारच्याला न्यायला येनार हायती. हे म्हनले, माळ्यावर कुजवन्यापरीस देऊन टाका. वाजवनारे हायती की नवे."

सतीश होता तिथंच उभा राहिला.

"त्या बाईनं मला सांगितलं व्हतं," पंचशीला फडकं पिळत म्हणाली. "शेवटाला तो म्हातारा डोळे झाकून वाजवतो म्हनून. मी म्हनलं, माझं न्हाई ऐकत, शिनेमाचं तरी ऐकतील. म्हनून तर मी पाठवलं त्यांना. अन घरी येऊन म्हनतात, निघूनच गेला तो, त्याच्या जागी नवा बसवला." आता तिनं मान वर केली. "त्या बाईनंच मला खोटं सांगितलं का ओ, भाऊजी? तुमी तर जवळच व्हतात."

तिच्या बोलण्यात संशयाचा लवलेश नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती आपली चूक शोधत होती, त्या बाईची चूक शोधत होती, आणि सतीशला मात्र खरंखुरं विचारत होती, जसं घरातल्या माणसाला विचारावं.

"खोटं न्हाई सांगितलं," सतीश म्हणाला. "मी सांगितलं खोटं."

आत बाजेवर निवृत्ती बसला होता. दार उघडं होतं. सतीशचं बोलणं त्यानं ऐकलं होतं.

"आत ये," तो म्हणाला.

सतीश आत जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला. शाळेत पोरं त्याच्यासमोर उभी राहतात तसा. तुला लागू नये म्हणून मी खोटं बोललो, हे वाक्य जिभेवर तयार होतं. दीपमालानंच ते त्याच्या हाती दिलं होतं, आणि ते किती शोभून दिसलं असतं! निवृत्ती गहिवरलाही असता कदाचित. सतीशनं ते वाक्य गिळलं. या सगळ्या प्रकरणात त्याच्याकडून झालेली ही एवढीच बरी गोष्ट.

"पप्पूला हरवायचं व्हतं," तो म्हणाला. "शेवट चांगला व्हता. लई चांगला व्हता. तुला खरं सांगितलं असतं तर तू 'नवा' म्हनला असतास."

बाहेर फडकं पिळल्याचा आवाज थांबला होता.

"म्हंजी माझ्यासाठी बी न्हाई," निवृत्ती म्हणाला.

"न्हाई."

"मला वाटलं, माझी कीव आली असंल. तसं असतं तर शिव्या दिल्या असत्या तुला." त्यानं काठी चाचपली, पण उचलली नाही. "अन याच्या आदीचे? इतके शिनेमे सांगितलेस. त्यात काय काय बदललंस?"

"काईच न्हाई, निवृत्ती. आईची आन. ते सगळे खरे व्हते."

"ते मला कसं कळावं?"

निवृत्तीच्या डोक्यात असलेले सगळे सिनेमे, दारात चप्पल न काढता उभा राहिलेला तो पोरगा, चुलीपुढची ती आई, सगळं सतीशनं एका वाक्यात नासवून ठेवलं होतं. खरं होतं तेसुद्धा. त्याला रडू फुटलं, आणि रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून ते त्यानं नाकातच दाबलं.

"सांगू का आता, शेवटाला काय झालं ते?" तो म्हणाला. "सगळं जसंच्या तसं सांगतो. फुलाबाई..."

निवृत्तीनं हात वर केला. "तू नको सांगू."

रविवारी पप्पूची गाडी पुन्हा बीडला निघाली. पप्पूला आणि दीपमालाला निवृत्तीनं फोनवर सगळं सांगितलं होतं. गायन पार्टीवाल्यांना पंचशीलानं परस्पर कळवलं, की या आठवड्यात नका येऊ. सतीशला न्यायचं की नाही, यावर पप्पू कचरला, तेव्हा निवृत्तीच म्हणाला म्हणे, "येऊ दे की. त्यानं त्याचा शिनेमा बघावा." गाडीत कुणी भांडलं नाही. मांजरसुंब्याचा चौक आला आणि गेला. दीपमाला खिडकीतून बाहेर बघत राहिली. नळाशी बोललेलं ते कौतुक तिनं परत मागितलं नाही, पण त्याच्याकडं पाहिलंही नाही.

थिएटरात मागच्या रांगेत कोपऱ्यात निवृत्ती बसला. त्याच्या शेजारी पप्पू, पप्पूच्या शेजारी दीपमाला, आणि मग सतीश. पप्पू सांगायला लागला. त्याचं सांगणं वाईट होतं. तो पात्रांच्या बोलण्यावर बोलायचा, महत्त्वाचं झालं की स्वतःच बघत बसायचा आणि मग घाईनं "आता ती रागावली, म्हंजी मगाशीच रागावली" असं म्हणायचा. पुढच्या रांगेतला एकजण दोनदा मागं वळला. सतीश पडद्याकडं बघत होता आणि त्याचे ओठ आपोआप हलत होते. तंबू. कंदील. तिच्या हातात घुंगरं. घालंना. दीपमालानं एकदा त्याच्याकडं वळून "काय?" म्हणून विचारलं. "काय न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं ओठ मिटले.

शेवट आला. गाणं थांबलं. थिएटर चिडीचूप झालं.

"ती खाली उतरली बे," पप्पू घोगऱ्या आवाजात सांगत होता. "ढोलकी आनली. त्याला बसवला. दिली त्याच्या मांडीवर. आता वाजवतोय. तोच वाजवतोय, निवृत्ती. म्हातारा."

निवृत्ती पुढं झुकला. "वाजवताना तिच्या तोंडाकडं बघतो का तो?"

पप्पूनं बाहीनं डोळे पुसले. त्याला धड दिसत नव्हतं. "बघत असंल की. समोरच..."

"असंल नको. बघतो का न्हाई?"

तो प्रश्न कुठून आलाय, हे त्या रांगेत सतीशला सगळ्यात चांगलं माहीत होतं. पंचशीलानं त्याच एका गोष्टीसाठी नवऱ्याला पाठवलं होतं. उत्तर त्याच्या तोंडात होतं, आणि ते देण्याचा हक्क त्यानंच घालवला होता. ठेका चढत चालला होता. थोड्या वेळात पडदा काळा होणार होता. सतीशला राहवलं नाही. तो दीपमालाच्या पुढून वाकला.

"न्हाई बघत," तो म्हणाला. "डोळे मिटलेत त्याचे. ती मागं बसलीय. हात खांद्यावर. हातानं सांगती, तसा वाजवतोय."

निवृत्तीनं मान वळवली नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, आणि मग शेजारच्या माणसाला विचारलं, "पप्पू, सतीश म्हनतो ते खरं हाय का?"

पप्पूनं डोळे बारीक करून पडद्याकडं पाहिलं. "हाय बे," तो म्हणाला. "खरं हाय. मिटलेत."

सतीश आपल्या खुर्चीत मागं सरकला. इतक्या वर्षांत त्याच्या शब्दाला कधी साक्षीदार लागला नव्हता. इथून पुढं लागणार होता, प्रत्येक सिनेमाला, प्रत्येक वाक्याला, आणि त्याला त्यावर तक्रार करायला जागा नव्हती.

तिकडं निवृत्तीनं उभी धरलेली काठी मांडीवर आडवी घेतली. दोन्ही टोकांवर दोन्ही हात ठेवले. बोटं आधी नुसती टेकली, मग पडद्यावरच्या ठेक्याबरोबर हळूहळू हलायला लागली. सतीश त्या बोटांकडं बघत राहिला आणि सिनेमा कधी संपला, ते त्याला कळलं नाही.